वर्ध्याने न घडवलेला दागिना

१९४६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरले. शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरने तार ठोकून, वळवून केलेले दागिने त्यात होते. ॲनी अल्बर्स आणि ॲलेक्स रीड यांनी तर वॉशर, पेपरक्लिप अशा दुकानात मिळणाऱ्या क्षुल्लक वस्तूंचे हार केले होते. मोल धातूच्या वजनाचे नव्हते, घडणीचे होते. अंगावर घालायचे शिल्पच ते.

साधा माल, हाताची कारागिरी, श्रीमंतीचे प्रदर्शन नको, हा विचार त्या काळात गांधीजींच्या वर्ध्याइतका दुसरीकडे कुठे जगला जात होता? १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने तिथल्या मगनवाडीत हातकागद, तेलघाणी, मधमाश्या यांना प्रतिष्ठा दिली. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. सोनाराच्या ऐरणीला ती प्रतिष्ठा लाभली नाही. त्यामागे मोठे नैतिक कारण होते. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा अस्पृश्यतानिवारणाचा हरिजन दौरा वर्ध्याहूनच निघाला. सभांमधून बायका दान म्हणून बांगड्या उतरवून देत आणि नव्या न करण्याचे वचन गांधीजी मागत. अर्धपोटी देशात सोने अंगावर अडकवून ठेवू नये, हे मला आजही पटते. पण सोन्याबरोबर घडणही नाकारली गेली, हे मात्र पटत नाही.

कलेला तिथे मज्जाव नव्हता. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि पुढे देशातले नामवंत आधुनिक कुंभार-कलावंत ठरले. मातीला असा माणूस भेटला. पितळेला, तांब्याला भेटला नाही. कॅल्डर १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे राहून शिल्पे घडवून गेला, तरीही नाही. पुढे १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि कितीतरी सोनारांचे हातच थांबले. स्वस्त धातूत नवे काही घडवण्याची ती वेळ होती. तीही गेली.

खरे तर अंगावर घालायचे हे शिल्प आपल्याकडे होतेच. जुनी चांदीची सरी नीट पाहा. एकच भरीव वळण, मध्ये जाड, टोकांकडे निमुळते, पुढून उघडे. रत्न नाही, नक्षी नावापुरती. गळा आणि धातू यांच्यामधली मोकळी जागासुद्धा त्या आकाराचाच भाग आहे. कॅल्डरची तार याच जातीची. आज सरी सराफाकडे येते ती मोडीसाठी. वजन होते, घट कापली जाते, घडणावळ शून्य धरतात. बदल्यात घरी जाते ते साच्यातले, पोकळ, हलके काहीतरी.

वर्धा जिल्ह्यातल्या सऱ्या, गोठ, वाळे आटण्याआधी मगन संग्रहालयाने विकत घ्यावेत आणि कळेल तिथे घडवणाऱ्याच्या नावानिशी मांडावेत. सोबत कलाशाळांनी पितळेची तार आणि हातोडी मुलांच्या हाती द्यावी, आणि ती कशी ठोकायची हे शिकवायला वर्ध्याच्या सोनारालाच मानधन देऊन बोलवावे.