कुंभाराचें थापटणें

मराठी वाङ्मयाला कुंभार अपरिचित नाहीं. अपरिचित आहे तो त्याचा धंदा. चाक, माती आणि घट हीं रूपकें आमच्या संतांनीं, कीर्तनकारांनीं व कवींनीं इतकीं वापरलीं आहेत कीं, कुंभार म्हटला कीं आम्हांस ईश्वर आठवतो. चाकाशीं बसलेल्या कारागिराच्या मालाची पारख मात्र आमच्या टीकेनें क्वचितच केली.

तेरच्या गोरोबाकाकांची कथाच घ्या. संतमेळ्यांत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा थापटणें घेऊन एकेकाचें डोकें ठोकून पाहतात आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरवितात. कथेंतील परमार्थ सर्वांस मुखोद्गत आहे. पण थापटणें म्हणजे काय, हें किती जण सांगूं शकतील? चाकावरून उतरलेलें जाड भांडें थोडें सुकलें म्हणजे आंतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून ज्या लाकडी फळीनें ठोकीत ठोकीत तें पातळ व मोठें करितात, तें हें हत्यार. कथेनें घडविण्याच्या या साधनासच पारखण्याचें साधन केलें. ठोका बाहेरून, आधार आंतून! टीकाकारानें हा धडा कुंभारापासून अवश्य घ्यावा.

पुढें ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलेला ‘प्रपंच’ हा चित्रपट १९६१ सालीं आला. कुंभाराचें घर, खाणारीं तोंडें अनेक आणि डोक्यावर कर्ज, हा त्याचा विषय. मराठींत कुंभाराच्या जमाखर्चाला इतकें महत्त्वाचें स्थान दुसऱ्या कोणत्या लोकप्रिय कृतीनें दिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पण रसिकांनीं उचललें काय? विठ्ठलास वेडा कुंभार म्हणणारें गीत! गीत श्रेष्ठ आहे, यांत शंका नाहीं. तथापि गीत घरोघर गेलें आणि कर्ज कुंभाराच्याच घरीं राहिलें. हा दोष कवीचा नव्हे, आम्हां श्रोत्यांचा आहे.

मातीच्या भांड्यांत पारखण्याजोगें तें काय, असें कोणी विचारील. त्यानें नंदुरबार जिल्ह्यांतील प्रकाशें येथें यावें. तापी व गोमाई यांच्या संगमावरील हें क्षेत्र भाविकांस दक्षिणकाशी म्हणून ठाऊक आहे. येथील पांढरीच्या टेकाडाचें उत्खनन १९५४-५५ सालीं पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनीं केलें. त्यांत ताम्रपाषाणयुगांतील, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं खापरें निघालीं. त्यांत माळवा पद्धतीचीं आहेत, तशीं जोर्वे पद्धतीचींही आहेत. तांबड्या अंगावर काळ्या रंगाची नक्षी हें या दोन्ही पद्धतींचें लक्षण होय. जोर्वे पद्धतीचें भांडें तर इतकें पातळ व खरपूस भाजलेलें असतें कीं, टिचकी मारतांच धातूसारखा नाद निघतो. त्या कारागिराचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्याचा माल आजही परीक्षेस उतरतो.

ही पारख खानदेशांतून अगदींच नाहींशी झाली आहे असेंही नाहीं. पुरणाचे मांडे भाजावयाचे तर चुलीवर पालथें मातीचें खापरच लागतें. तें कसें तापतें, मांडा कोठें करपतो, हें सुगरणीस नेमकें कळतें. पोथींतल्या घटापेक्षां या खापराची परीक्षा अधिक कडक असते.

आज शहरांतून हातघडणीच्या भांड्यांचे लहान लहान उद्योग निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दयेनें घेतलेली वस्तु गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाहीं. इंग्लंडांत सेंट आइव्ह्ज येथें १९२० सालीं बर्नार्ड लीच यांनीं जपानी सहकारी शोजी हामादा यांच्यासह कारखाना काढला. पुढें त्यास स्थैर्य आलें तें एकेकट्या शोभेच्या नगांपेक्षां रोजच्या वापराच्या, ठराविक घाटाच्या भांड्यांनीं.

बलुतेदारींत कुंभारास निदान सुगीला धान्य तरी मिळे. आतां माती, जळण आणि भट्टींतील फूट, सर्व त्याच्याच अंगावर. शंभरांत वीस नग तडकले, तर उरलेल्या ऐंशींनीं शंभरांचा खर्च भरून काढावयाचा. आणि आम्ही सुशिक्षित गृहस्थ संक्रांतीच्या सुगडांसाठीं व दिवाळीच्या पणत्यांसाठीं रुपया दोन रुपयांची घासाघीस करितों, आणि घरीं येऊन गोरोबांचा अभंग आळवितों!

आमची वाचकांस विनंती इतकीच कीं, मडकें घ्यावयाचें तर टिचकी मारून घ्यावें. कच्चें असेल तर निःसंकोच परत करावें. पक्कें असेल तर पक्क्याचें मोल द्यावें. अशा परीक्षेचा अपमान खऱ्या कुंभारास वाटत नाहीं. कारण तीच परीक्षा तो स्वतः आधीं करून बसलेला असतो.