खलनायकाचा हलका आवाज

निळू फुले म्हटलं की आपण त्यांची ती 'वाड्यावर या'ची नक्कल करतो आणि हसतो. आज या हसण्याकडे जरा बघू.

निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले. पुण्यात माळी म्हणून नोकरी केलेले. १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'नं ते पडद्यावर आले आणि समतेच्या विचारात वाढलेला हा माणूस पुढे मग्रूर पाटील-सरपंच रंगवत राहिला. आपल्याला यात विसंगती वाटत नाही. सत्ता त्यांनी खालून पाहिली होती, म्हणूनच ती त्यांना नेमकी दाखवता आली.

'सामना'तला हिंदुराव आठवा. डॉ. लागूंचे मास्तर मारुती कांबळेचं काय झालं ते विचारत राहतात; साखरसम्राट हिंदुराव त्यांचा पाहुणचार करतो. आवाज चढवायची त्याला गरजच नाही. माणूस उपकारानं मिंधा करता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. १९२१ला धरणाविरुद्ध सत्याग्रह केलेल्या मुळशीत सत्तेची ही गोड भाषा वेगळी समजवायला नको.

तेच निळूभाऊ 'सिंहासन'मध्ये (१९७९) पत्रकार दिगू होतात. सगळं दिसतं, बदलता काहीच येत नाही. शेवटी उरतं ते भ्रमिष्टासारखं हसणं. एवढा आवाका असलेल्या नटाला आपल्या सिनेमानं बहुतेक वेळा एकाच साच्यात कोंबलं, हा करंटेपणाच.

त्या काळी बायाबापड्या त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या घालत. त्या शिव्यांमागे न्यायबुद्धी जागी होती. आपल्या नकलेमागे काय आहे?