‘विश्वास ठेवता येतो का?’ हा संशोधनाचा प्रश्न नाही

माझ्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत एक वाक्य होतं: ‘शत्रुराष्ट्रांवर विश्वास ठेवता येत नसल्यामुळे अण्वस्त्र करारांना पडताळणीची जोड लागते.’ माझं काम गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टरवर आहे. युरेनियम-प्लुटोनियमची तपासणी हा त्याचा एक उपयोग, म्हणून ते वाक्य. गाईड सरांनी खाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं, “कशावरून?” मला राग आला होता. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला काय पुरावा लागतो! तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर अशी वाक्यं तुमच्याही वहीत असतील. आज माझंच वाक्य उलटून पाहू.

सुरुवात आपल्याच राज्यातून. मुंबईजवळ तुर्भ्याला ‘सायरस’ ही अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं. १९५६ च्या करारांत अट होती की वापर शांततेसाठीच होईल. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं. भारताचं म्हणणं, स्फोटही शांततेसाठीच आहे, करार मोडलेला नाही. कॅनडाचं म्हणणं, स्फोट हा स्फोट. तसं त्यांनी १९७१ मध्येच कळवलं होतं. कॅनडाने सहकार्य थांबवलं. आता कॅनडातल्या एखाद्या विद्यार्थ्याने माझंच वाक्य लिहिलं, तर त्यात ‘विश्वास ठेवता येत नाही असं राष्ट्र’ कोण? आपण. हे पचायला जड जातं, पण शाळेत आपण पोखरणची फक्त अर्धीच गोष्ट शिकतो, हे खरं आहे.

त्याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, पालघर जिल्ह्यात तारापूर. इथे गोष्ट उलटी झाली. १९६३ च्या कराराने अमेरिकेने तीस वर्षं इंधन द्यायचं कबूल केलं होतं आणि भारताने तिथे आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य केली होती. १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि इंधन अडलं. १९८२ मध्ये तोडगा निघून फ्रान्सकडून इंधन घ्यायचं ठरलं. तारापूरवरची तपासणी मात्र चालूच राहिली.

तुम्ही म्हणाल, कॅनडा-अमेरिका कुठे शत्रू होते? आणि हे निःशस्त्रीकरणाचे करारही नव्हते. बरोबर. पण माझ्या वाक्याला धक्का इथेच बसतो: शब्द फिरवायला शत्रू असावं लागत नाही. तुर्भ्याला ‘शांततेसाठी’ या शब्दाची व्याख्या नव्हती आणि तपासनीसही नव्हता. तारापूरला दोन्ही बऱ्यापैकी होतं, पण देणाऱ्या देशाच्या संसदेला कुणी बांधलं नव्हतं.

आता खऱ्या शत्रूंचा करार बघा. भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला सही केली: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्यं सीमेवर उभी होती, तरी १ जानेवारी २००२ ला याद्या दिल्या गेल्या. २६/११ नंतर पाचच आठवड्यांनी, २००९ मध्येही. विश्वास शून्य, करार मात्र चालू. पण फार हुरळून जाऊ नका. यादी खरी आहे का, हे तपासायची सोयच त्यात नाही. मागणं इतकं थोडं आहे की मोडून कुणाचा फायदा नाही, म्हणून तो टिकतो, असं माझं मत.

शस्त्रं खरोखर कमी करायची तर इतक्यावर भागत नाही. इथे मला आपल्या यवतमाळचा कापूस आठवतो. जिनिंगच्या फाटकावर गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा काट्यावर चढते. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांवर विश्वास ठेवतात म्हणून नाही, काटा मध्ये आहे म्हणून व्यवहार होतो. १९८७ च्या आयएनएफ करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने जवळपास हेच केलं. रशियातल्या वोत्किन्स्कच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर अमेरिकन तपासनीस आणि अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्नाला सोव्हिएत तपासनीस, तेही वर्षानुवर्षं. १९९१ च्या मध्यापर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली.

पण भांडण काट्यावर कमी, ओलाव्यावर जास्त होतं ना? सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, १२ च्या वर घेत नाही. आणि आकडा मीटर ढिगात कुठे खुपसलं यावर फिरतो. इराकमध्ये १९९१ पूर्वी नेमकं हेच झालं. तपासनीस जाहीर केलेल्या जागा मोजत होते आणि आकडे जुळत होते, पण शस्त्राचं काम दुसरीकडे चालू होतं. आखाती युद्धानंतर ते उघड झालं. मग १९९७ मध्ये जाहीर न केलेल्या जागांपर्यंत पोचण्यासाठी जास्तीचे अधिकार देणारा मसुदा आला. डिटेक्टर कितीही चांगला असो, नमुना कुठून घेतला हे आधी सांगा. माझ्या प्रबंधाचा अर्धा त्रास हाच आहे.

आणि मोजमापाचीही एक हद्द आहे. इराणशी २०१५ मध्ये झालेल्या करारात युरेनियमचं समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर बांधला होता. इराण मर्यादा पाळतोय असे तपासनीसांचे अहवाल येत होते, तरी मे २०१८ मध्ये अमेरिका बाहेर पडली. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर गेला. काटा बरोबर होता, पण व्यापारीच उठून गेला. हा प्रश्न माझ्या डिटेक्टरच्या आवाक्यातला नाही, आणि तसं प्रबंधात लिहायला मला लाज वाटत नाही.

सरांच्या “कशावरून?”ला उत्तर म्हणून मी ते वाक्य खोडलं. आता तिथे असं आहे: ‘आठ किलो प्लुटोनियम, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थेने एका बॉम्बसाठी धरलेलं प्रमाण, बाजूला काढलं गेलं तर ते किती वेळात आणि किती खात्रीने कळेल, हे मोजमापातल्या त्रुटीवर अवलंबून असतं.’ वाक्य रुक्ष झालंय. सरांनी या वेळी ‘मोजमापातल्या त्रुटीवर’ या शब्दांखाली रेघ मारली आणि लिहिलं, “किती?”