वर्गणीची पावती आणि मंडपातली जागा

‘शेनमू’ या गेमचा नायक र्‍यो हाझुकी पहिले कित्येक तास नुसती विचारपूस करत फिरतो. त्याच्या डोळ्यांदेखत वडिलांचा खून झालाय. खुनी कोण, कुठे गेला, हे शोधायला तो १९८६ सालच्या योकोसुका या जपानी बंदरगावात हिंडतो. दुकानदाराला विचार, शेजारच्या आजीला विचार, मग धक्क्यावर जाऊन खलाशांना विचार. मध्येच रात्र होते, दुकानं बंद होतात, घरी जाऊन झोपावं लागतं. पुढे गोदीत फोर्कलिफ्ट चालवायची नोकरीसुद्धा करावी लागते.

मी अर्नाळ्याचा. २०१८ साली या मालिकेचे पहिले दोन भाग पीसीवर आले आणि मी ते हॉस्टेलमध्ये खेळलो. त्यातल्या मारामारीपेक्षा ही विचारपूसच मला ओळखीची वाटली. आमच्याकडे कोणाचं घर शोधायचं तर फोनमधला नकाशा फार कामाचा नसतो. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेल्या काकांना विचारायचं. ते आधी ‘तू कोणाचा रे?’ म्हणून उलटतपासणी घेणार, मग आणखी कोणाकडे तरी पाठवणार. बंदरगावाचा हा संथपणा एखाद्या गेममध्ये इतका नेमका पकडलेला मी आधी पाहिला नव्हता. म्हणून ‘शेनमू’बद्दल मी तिऱ्हाईतासारखं लिहू शकत नाही, पण मी तिचा जुना भक्तही नाही. पुढचं सगळं या मधल्या जागेवरून लिहितोय.

पहिला भाग १९९९च्या डिसेंबरमध्ये सेगाच्या ड्रीमकास्टवर आला, दुसरा २००१ साली. त्याच वर्षी सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं. दुसरा भाग संपतो तेव्हा र्‍यो चीनमधल्या ग्वेलिनच्या एका गुहेत उभा असतो आणि गोष्ट अर्धीच असते. पुढची चौदा वर्षं तो तिथेच उभा राहिला. मग १५ जून २०१५ला लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात, सोनीच्या कार्यक्रमात, मालिकेचे जनक यू सुझुकी स्टेजवर आले आणि तिसऱ्या भागासाठी किकस्टार्टरवर मोहीम सुरू झाल्याचं त्यांनी सांगितलं. वीस लाख डॉलरचं उद्दिष्ट नऊ तासांच्या आत पूर्ण झालं. महिन्याभराने मोहीम संपली तेव्हा ६९,३२० लोकांनी मिळून ६३ लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली होती.

हे एकट्या ‘शेनमू’चं नव्हतं. १९८८च्या ‘वेस्टलँड’चा दुसरा भाग काढायला कोणी प्रकाशक तयार नव्हता. २०१२ साली त्यासाठी नऊ लाख डॉलर मागितले, एकोणतीस लाखांच्या आसपास मिळाले, आणि २०१४ साली गेम खरोखर आला. ‘कॅसलव्हेनिया’वर अनेक वर्षं काम केलेले कोजी इगाराशी ते नाव वापरू शकत नव्हते, कारण हक्क कोनामीकडे. त्यांनी ‘ब्लडस्टेन्ड’ या नव्या नावाखाली त्याच धाटणीच्या गेमसाठी २०१५ साली पंचावन्न लाख डॉलर जमवले. मोठ्या कंपन्यांना परवडत नाहीत, पण काही हजार लोकांना मनापासून हवे आहेत, अशा गेम्ससाठी ही वाट उघडली. ती उघडली हे चांगलंच झालं.

क्राउडफंडिंगला आपल्याकडे नवा शब्द शोधायची गरज नाही, वर्गणी आहेच. आणि वर्गणीचा आपला इतिहास गणपतीपुरता नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. पैसे देणाऱ्याला काय मिळालं? शेअर नाही, नफा नाही. पण ते जे मागत होते ते अजून अस्तित्वात नव्हतं. देशी काचेची आठवण कोणालाच येत नव्हती, तिची गरज होती.

गेम्सच्या पुनरुज्जीवनात नेमकं उलट होतं. इथे वर्गणी आठवणीसाठी निघते. ६९,३२० लोकांपैकी बहुतेकांना ‘एक चांगला गेम’ नको होता. त्यांना गुहेत अडकलेला र्‍यो हवा होता, आणि त्याच्यासोबत २००१ सालचे स्वतः. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, अर्धी राहिलेली गोष्ट कोणालाही छळते. पण पैसा ज्या कारणाने येतो ते कारण गेमच्या आत शिरतं, आणि समीक्षेचा प्रश्न तिथे सुरू होतो.

‘शेनमू ३’ डिसेंबर २०१७ला देऊ असं सांगितलं होतं. तो १९ नोव्हेंबर २०१९ला आला. उशिराचं मला फार वाटत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या डेडलाइनला हसू नये. खटकतं ते वेगळं. २०१९च्या जूनमध्ये जाहीर झालं की पीसीवर हा गेम आधी फक्त एपिकच्या दुकानात मिळेल. अनेक बॅकर्स स्टीमवर मिळेल असं धरून बसले होते. आरडाओरडा झाल्यावर पैसे परत देण्याची तयारी दाखवली गेली. तेव्हा पहिल्यांदा बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असावं की आपण ग्राहकही नाही आणि भागीदारही नाही. मालिकेचे हक्क सेगाचे, प्रकाशक वेगळा, दुकानाशी करार वेगळा. आपल्याकडे फक्त पावती.

मंडळातही वर्गणीदाराकडे पावतीच असते. पण तिथे विसर्जनानंतर हिशेबाचा फळा लागतो: मांडव इतका, वीज इतकी, शिल्लक इतकी. न लागला तर नाक्यावर चर्चा होते आणि पुढच्या वर्षी अध्यक्षाला तोंड चुकवावं लागतं. कारण देणारा आणि घेणारा एकाच गल्लीत राहतात. किकस्टार्टरने वर्गणी जगभर नेली, गल्ली मात्र मागेच राहिली.

आता खुद्द गेम. ‘शेनमू ३’ त्याच गुहेत, त्याच क्षणी सुरू होतो. बायलू नावाचं खेडं, मग न्यावू नावाचं नदीकाठचं शहर. दृश्यं सुंदर आहेत. संध्याकाळी बायलूत नुसतं चालत राहिलं तरी बरं वाटतं. पण संभाषणं अजूनही दोन भिंती बोलाव्यात तशी आहेत. पळालं की ताकद खर्च होते आणि ती भरायला सतत काहीतरी खात राहावं लागतं. एका म्हाताऱ्या गुरूला महागडी दारू हवी असते, म्हणून गोष्ट थांबते आणि आपण पैशासाठी लाकडं फोडत बसतो. १९९९ साली फोर्कलिफ्टची नोकरी ही धीट कल्पना होती, गेममध्ये कंटाळ्यालाही जागा असू शकते असं ती सांगत होती. वीस वर्षांनी तोच कंटाळा केवळ ‘पूर्वी असायचा’ म्हणून ठेवलेला दिसतो. आणि शेवटी? खुन्याशी गाठ पडते, र्‍यो हरतो, पुढे चालू लागतो. अठरा वर्षांनी, इतक्या लोकांच्या वर्गणीनंतर, गोष्ट पुन्हा अर्धीच.

तरी अनेक बॅकर्स समाधानी झाले. मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे मागितलं ते त्यांना मिळालं. अडचण एवढीच, की त्या मागणीत बाकी कोणीच नव्हतं.

याच सुमारास पुण्यात वेगळं काही घडत होतं. २०१७ साली श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ सुरू केली आणि ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ या गेमसाठी त्याच वर्षी किकस्टार्टरवर मोहीम लावली. ती फसली. उद्दिष्ट गाठलं नाही तर तिथे एक पैसाही मिळत नाही. जुनं नाव नाही, जुनी मालिका नाही, ‘लहानपणी खेळलो होतो’ म्हणणारं कोणी नाही. आणि ज्या देशाची गोष्ट, तिथल्या माझ्यासारख्यांचं गेमिंगचं बालपण पावतीवर कधी नव्हतंच. आमच्या घरी टीव्हीला जोडायचा एक डबा होता, विरारच्या बाजारातून आणलेला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम दहा-बाराच, बाकी तेच पुन्हा पुन्हा. चालली नाही तर फुंकर मारायची. ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ बनवणाऱ्यांना आम्ही एक रुपयाही दिला नाही, त्यांची नावंही ठाऊक नव्हती. आठवणीच्या बाजारात आमची पतच नाही. २०१७ साली ‘राजी’ची मोहीम माझ्यापर्यंत पोचली असती तरी मी पैसे दिले नसते, हेही कबूल करतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आंतरराष्ट्रीय कार्ड कुठलं?

‘राजी’ तरीही पूर्ण झाला. १८ ऑगस्ट २०२०ला तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतरत्र, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत राहतात, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. दोष आहेत. मारामारी लवकरच त्याच त्या वळणावर येते, आणि शेवट इतका अचानक येतो की फाइल अर्धी उतरली की काय असं वाटतं. आपल्या गावचा म्हणून मी त्याला जास्तीचे गुण देणार नाही.

पण गेल्या दिवाळीत एक गोष्ट घडली. मावशीची आठवीतली मुलगी आमच्याकडे आली होती. तिला मी आधी ‘शेनमू ३’ लावून दिला. वीस मिनिटांनी तिने विचारलं, ‘दादा, हा सगळ्यांना काय विचारतोय आणि का?’ मी दोन गेमची गोष्ट सांगायला लागलो, आणि ती उठून फराळाकडे गेली. दुसऱ्या दिवशी ‘राजी’ लावला. तिने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता. ती हरत होती, चिडत होती, पण ‘का?’ एकदाही विचारलं नाही. पळवलेला भाऊ आणि त्रिशूळ घेतलेली देवी हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ‘राजी’सुद्धा एका अर्थी पुनरुज्जीवनच आहे, पण त्याने उचललेली आठवण कोणा एका पिढीच्या मालकीची नव्हती.

म्हणून वर्गणीतून परतलेल्या कुठल्याही गेमला मी आता एकच कसोटी लावतो. ज्याने पावती फाडली नाही त्याला मंडपात जागा आहे का? गणपतीत कोणी दारावर पावती बघत नाही, प्रसाद सगळ्यांना मिळतो. वर्गणी देणाऱ्यांनाही त्यातच समाधान असतं, मंडप फक्त त्यांच्याच घरच्यांनी भरला तर त्यांनाच ओशाळं वाटेल.

जून २०२५मध्ये भारतीय नौदलात ‘आयएनएस अर्नाळा’ नावाची युद्धनौका दाखल झाली. आमच्या किल्ल्याचं नाव, म्हणून गावात मोबाइलवर बातमी खूप फिरली. याच नावाचं एक जहाज पूर्वीही नौदलात होतं. पण नौदलाने ते पुन्हा बांधलं नाही. पाणबुड्या शोधायचं आजचं काम करणारं नवं जहाज बांधलं आणि त्याला जुनं नाव दिलं. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या मालिकेसाठी कोणी झोळी पसरली तर मी देईनही, आता कार्ड आहे. फक्त आधी विचारून घेईन: नाव जुनं आहे ते दिसलं, जहाज कोणत्या सालचं बांधताय?