साठ की अठ्ठावन्न?

आमच्या लहानपणी भिंतीच्या रंगावरून वाद होत नसत. दिवाळीआधी चुना कालवायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि कुंचला फिरवायचा. राखाडी रंगही घरात असे. पण तो चुलीत, आणि त्याने भांडी घासत.

तीच राख परवा न्यू जर्सीत लेकीच्या घरी शेडकार्डावर भेटली. आम्ही जाऊन राहतो त्या खोलीसाठी तिने शेर्विन-विल्यम्सच्या दोन छटा काढल्या होत्या: ‘अ‍ॅग्रीएबल ग्रे’ आणि ‘रिपोज ग्रे’. म्हणजे एक मनमिळाऊ, दुसरी निवांत. पहिलं विशेषण तर थेट ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातीतलं! आणि दिसायला एकीला झाकावी, दुसरीला काढावी.

शेडकार्ड हा वाङ्मयप्रकार मी आता बारकाईने वाचला आहे. नावात सगळं काव्य. खरं काय ते आकड्यात. पडलेल्या उजेडापैकी शंभरात किती उजेड भिंत परत देते, त्याचा तो आकडा. मनमिळाऊ 60 देते, निवांत 58.

“बाबा, दोनाने काय फरक पडतो?” लेक म्हणाली.

राज्य सरकारातून 58व्या वर्षी घरी बसलेल्या आणि केंद्र सरकारातल्या शेजाऱ्याला 60पर्यंत डबा नेताना पाहिलेल्या माणसाला हे विचारावं?

पण खरी गोम दुसरीकडेच आहे. पहिल्या छटेत मातीचा अंश जास्त. दुसरी जरा थंड. शिवाय रंग एकटा कधीच दिसत नाही. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 साली यावर ग्रंथच लिहिला. गालिच्यांतला काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष निघाला शेजारच्या रंगांचा! आमची खोली उत्तरेची. तिथे ऊन सरळ येत नाही, आभाळाचा निळसर उजेड तेवढा येतो. थंड छटा तिथे आणखी गारठते.

म्हणून दुकानात निवड करू नये. भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारावेत आणि सकाळी, दुपारी, दिवा लावून पाहावेत. आम्ही तसं केलं.

“अहो, ही दुसरी चक्क निळी आहे,” ही म्हणाली.

मला ती बदामी दिसत होती. आवाज चढले. मग हिने एकेक डोळा झाकून पाहिलं आणि गप्पच झाली. उजव्याने निळसर, डाव्याने बदामी! उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. डोळ्यातलं पिकलेलं भिंग निळा उजेड अडवतं, नवं भिंग येऊ देतं. माझे दोन्ही डोळे अजून जुनेच. इतकी वर्षं आम्ही एकच भिंत पाहतोय, अशी माझी समजूत होती.

निकाल असा: उत्तरेच्या खोलीला मनमिळाऊ, दक्षिणेच्या उन्हाळ हॉलला निवांत. मला अजून दोन्ही सारख्याच दिसतात. हिच्या उजव्या डोळ्यावर विश्वास ठेवून मी मान डोलावली.

माझं ऑपरेशन व्हायचंय. ते झालं की त्या खोलीत पुन्हा जाईन. हिने कुठला रंग निवडला होता, ते तेव्हा कळेल.