चौकटीबाहेरचा कासरा

विषय ऐकून काही जण हसले असतील. तत्त्वज्ञान शिकवलेला म्हातारा आणि प्री-वेडिंग फोटोशूट! पण सौंदर्याचा प्रश्न आता म्युझियममध्ये कमी आणि मोबाइलवर जास्त भेटतो, त्याला काय करणार?

माझ्या पुतण्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. तिने अल्बम दाखवला. साताऱ्याकडचं एक शेत, कडब्याची गंजी, बैलगाडी, मावळतीचं ऊन. बैलगाडीत ही नऊवारीत, तो फेट्यात. फोटो सुंदर होते, हे आधी कबूल करतो. एका फोटोत मात्र गाडीच्या कडेला कासरा धरलेला एक हात दिसत होता. मी विचारलं, "हा कोणाचा गं?" म्हणाली, "आबा, बैलवाल्या काकांचा. बैल त्यांच्याशिवाय थांबत नव्हते, म्हणून ते खाली वाकून बसले होते. हा फोटो फायनलमध्ये नाहीये."

आज मला त्या हाताबद्दल बोलायचं आहे.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये १७५० च्या सुमारास गेन्सबरोने अँड्र्यूज नावाच्या नवविवाहित जोडप्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ओकच्या झाडाखाली जोडपं आणि उजवीकडे कापलेल्या पिकाच्या पेंढ्या. कापणारा मात्र एकही नाही! जॉन बर्जरने १९७२ मध्ये या चित्राकडे बोट दाखवून म्हटलं, की इथे निसर्गप्रेमाइतकीच मालकीही रंगवलेली आहे. त्याच्यावर टीका झाली. निसर्गात रमणं हा काय गुन्हा आहे, असं विचारलं गेलं. आक्षेप रास्त आहे. पण आपल्या जोडप्याची तर ती जमीनही नाही. त्यांनी तासाभरापुरतं फक्त दिसणं भाड्याने घेतलंय.

तुम्ही म्हणाल, पूर्वी स्टुडिओत बागेचा पडदा लावून फोटो काढायचेच की. हो, आमचाही आहे तसा. पण तो पडदा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यामागे भिंत होती, माणूस नव्हता. आता खऱ्या गावाचाच पडदा केला जातो. यात तंत्रही मदतीला येतं. लेन्सचं छिद्र मोठं उघडलं की जोडपं स्पष्ट येतं आणि मागचं सगळं धूसर होतं. ज्याच्या कष्टाने ती गंजी रचली, तो आधी बाजूला सरकतो, मग त्याचं गाव धूसर होतं. एवढं करून आपण त्याला 'मातीशी नातं' म्हणतो.

मग शूट बंद करा, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. लग्नाआधी दोघांनी चार तास उन्हात एकमेकांकडे बघावं, यात वाईट काय? माझी तक्रार मुलांवर नाही, चौकटीच्या सवयीवर आहे. कारण फोटो नुसता दिसत नाही, तो साक्ष देतो. 'हे होतं' असं सांगतो. मग साक्ष पुरी द्यावी.

मी नातीला एवढंच म्हटलं, "तो हाताचा फोटो ठेव. काकांचं नाव काय होतं?" तिला आठवेना. तिने लगेच फोन लावून विचारलं.

आता तो फोटो अल्बममध्ये आहे, खाली नावासकट. माझ्या मते त्या अल्बममध्ये गाव खरोखर आलंय ते तेवढ्याच पानावर.

आता तुमचे प्रश्न घेऊ.