परके कोणीच नाही? बर्मिंगहॅमच्या एका पुस्तकाविषयी

‘नो आउटसायडर्स इन अवर स्कूल’ हे बर्मिंगहॅमचे शिक्षक अँड्र्यू मोफॅट यांचे पुस्तक प्राथमिक शाळेतील शिक्षकांसाठी आहे. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा धर्म, वंश, अपंगत्व आणि लैंगिक कल या सर्वांना सारखेच संरक्षण देतो. मोफॅट तेच मुलांना चित्रांच्या गोष्टींतून सांगतात. छळछावणीतल्या मुलांना गुपचूप खाणे पोहोचवणारी जर्मन मुलगी रोझ ब्लांश त्यांच्या यादीत आहे, तशीच पिल्लू वाढवणाऱ्या दोन नर पेंग्विनांची गोष्टही. २०१९ मध्ये पार्कफील्ड शाळेसमोर मुख्यतः मुस्लिम पालकांनी निदर्शने केली आणि हे पाठ काही काळ थांबवावे लागले.

ज्यूंचा छळ आणि समलिंगी माणसांची अवहेलना अशी शेजारी मांडावी का? पुष्कळ वाचकांना ते रुचणार नाही. पण आपल्याला १९६२ आठवते. मुख्य रब्बींनी हुकूम काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांच्या लेकरांकडे ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला! आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने आपली बाजू घेतली, आणि मग हुकुमातून आपले नाव गेले.

तेव्हा साम्य आहे. एका गटाकडेच बोट दाखवून ‘तुम्ही आमच्यातले कशावरून?’ असे विचारणे दोन्हीकडे तेच. फरकही आहे, आणि तो झाकू नये. आपण तोरा बदलायला सांगितले नव्हते, तिच्यातली आपली जागा मागितली होती. समलिंगी विवाहाचा प्रश्न मात्र थेट हलाखाला भिडतो. दुसरा फरक त्यांच्या बाजूचा आहे. आपण बाहेर अपमान सोसला तरी घरी आईबाप, भाऊबंद आपलेच होते. त्या मुलाला घरातच परके व्हावे लागते.

पुस्तकाची उणीव इथेच जाणवते. ते कायदा नीट सांगते, पण मुलांना मित्झवोत शिकवणाऱ्या आईबापांची अडचण त्याला पुरती उमगत नाही. त्या पालकांचा हिजाब आणि आपली किप्पा हाच कायदा राखतो, हे त्यांनाही कोणी धीराने समजवायला हवे होते.

तरीही हे पुस्तक आपल्या वडीलधाऱ्यांनी नातवंडांसोबत चाळावे. हलाखाचा निवाडा रब्बींनी करावा. शब्बाथच्या किद्दूशला कोणत्या नातवाला बसवायचे, हे मात्र आपल्या हातात आहे, आणि तिथे पुरावा मागू नये.